चलन, समन्स आणि सातबारा

(कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीत सरावली, जि. पालघर येथील एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय "वाहतुकीचे गुन्हे आणि कायदा" असा छापला आहे. सकाळपासून तुम्ही कापसाच्या भावावर बोललात, ज्वारीच्या खरेदीवर बोललात, पीकविम्यावर बोललात. आता हा समुद्रकाठचा माणूस उठून हेल्मेटचे काय सांगणार, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. हेल्मेटवर मी फार बोलणार नाही. मी तुमच्या जमिनीवर बोलणार आहे. मोटारीच्या कायद्यातून निघून थेट सातबाऱ्यापर्यंत जाणारी एक वाट आहे. ती आपल्याला कोणी दाखवलेली नाही, आणि बहुतेकांना ती दिसते तेव्हा तहसीलचा माणूस दारात उभा असतो.

मी सरावलीचा. बोईसरला लागून, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून आमचे गाव. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी, आमच्याकडे भात. पण गेली कित्येक वर्षे आमच्या शिवारातून भातापेक्षा जास्त टँकर जातात. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे येणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांचा माल आणि त्याच रस्त्यावर आमची पोरे मोटारसायकलवर कामाला जाणारी. त्यामुळे अपघात, पोलीस ठाणे, कोर्ट आणि विमा कंपनी यांच्या दारात मला माझ्या मर्जीविरुद्ध बरेच बसावे लागले. मी वकील नाही. पण कागद घेऊन माणसाबरोबर जायचे, तो वाचून दाखवायचा आणि पुढच्या तारखेला पुन्हा जायचे, एवढे मी करत आलो.

आमच्या जिल्ह्यातला एक अपघात तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. ४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी मर्सिडीज आदळली आणि टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर बसलेले दोघेही गेले, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी चालवत होत्या त्या मुंबईतल्या नामवंत डॉक्टर. नोव्हेंबरमध्ये कासा पोलीस ठाण्यात त्यांच्यावर हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. त्या गाडीत बसलेले सगळे त्यांच्या घरचे आणि घरोब्याचे. त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याला गंभीर इजा, दीर मरण पावलेले. तरीही गुन्हा दाखल झालाच.

यातून मला एवढेच दाखवायचे आहे की रस्त्यावर माणूस मेला की "आमचे आपसात मिटले आहे" हे वाक्य कायद्याला ऐकू येत नाही. आपल्या गावात काय होते? ट्रॅक्टरखाली कोणी आला की पंच बसतात, पन्नास हजार ठरतात, स्टॅम्पपेपरवर अंगठे होतात आणि सगळ्यांना वाटते की प्रकरण संपले. ते संपत नाही. हलगर्जीने मृत्यू हा गुन्हा तडजोडीने मिटणारा नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत झाली. त्याच कलमात, पळून जाणाऱ्या आणि खबर न देणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे दुसरे पोटकलम होते. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या ट्रकचालकांनी त्यासाठी गाड्या उभ्या केल्या. पुढच्याच महिन्यात अधिसूचना निघाली तेव्हा तेवढे पोटकलम वगळून बाकीची संहिता लागू करण्यात आली. संघटित माणसाने गाडी उभी केली तर कायद्याचे पोटकलम थांबते, हे मी या सभेत मुद्दाम सांगतो.

पण पळून जाण्यात शहाणपणा नाही. पहिल्या पोटकलमाखालचा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा तिथे उपकार नाही, हक्क आहे. जखमीला दवाखान्यात नेणे आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला खबर देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. जमाव अंगावर आला म्हणून तिथे थांबता आले नाही, तर ती अडचण कायदाही मान्य करतो. जमावापासून पळा, पण पळून पोलीस ठाण्यात जा, घरी जाऊ नका.

आता कागदांकडे येतो. घरी येणारे कागद तीन जातींचे असतात आणि आपण तिन्ही एकाच पेटीत टाकतो, ही आपली मोठी चूक.

पहिला कागद चलनाचा. आता तो कागदही राहिलेला नाही, मोबाईलवर संदेश येतो. कॅमेऱ्याने फोटो काढला, नंबरावरून मालक शोधला आणि दंड लावला. १९८८ चा मोटार वाहन कायदा २०१९ मध्ये दुरुस्त झाला आणि दंड एकदम वाढले. आपल्या राज्याने ते वाढीव दर लागू करायला डिसेंबर २०२१ उजाडवला. लायसन्सशिवाय गाडी चालवली तर पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. विम्याशिवाय चालवली तर पहिल्यांदा दोन हजार, दुसऱ्यांदा चार हजार आणि कैद वेगळी. दारू पिऊन चालवली तर पहिल्यांदाच दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

माझीच गोष्ट सांगतो. माझ्या मोटारसायकलवर चार चलने साचली होती आणि मला पत्ता नव्हता. गाडी घेताना दिलेला मोबाईल नंबर मी कधीच बंद केला होता. पुतण्या गाडी घेऊन कामाला जायचा, चलने त्याची आणि नाव माझे. तेव्हा आधी तुमचा आजचा नंबर गाडीच्या नोंदणीला जोडून घ्या. महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा वाहतूक पोलिसांकडे गाडीचा नंबर देऊन काय बाकी आहे ते बघता येते. चूक असेल, फोटोतली गाडी तुमची नसेल, तर तक्रार करता येते. फक्त एक सांभाळा. "तुमचे चलन थकले आहे, ही फाईल उघडा" असे व्हॉट्सॲपवर कोणी पाठवले तर उघडू नका. ते चोर असतात, त्या फाईलमधून बँकेचे खाते साफ होते. सरकार चलनाची वसुली व्हॉट्सॲपच्या फाईलमधून करत नाही.

चलन भरले की ते प्रकरण तिथे संपते. याला कायद्यात गुन्ह्याची तडजोड म्हणतात. म्हणून चलनाला घाबरायचे नाही, पण कुजूही द्यायचे नाही. न भरलेले चलन कोर्टात जाते आणि मग दुसरा कागद येतो, समन्स. लोक अदालतीची नोटीस आली तर जा. तिथे मिटले तर त्यावर अपील नाही, दोन्ही बाजूंनी विषय कायमचा संपतो. समन्स मात्र पेटीत टाकायचा कागदच नव्हे. तारखेला गेला नाहीत तर जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. दोनशे-पाचशेच्या दंडासाठी ज्वारीच्या काढणीत पोलीस शेतावर आलेले मी पाहिले आहेत. आणि तुमचा मुलगा पोलीस भरतीला उभा असेल किंवा एस.टी.त ड्रायव्हर होऊ पाहत असेल, तर चारित्र्य पडताळणीत कोर्टातली केस दिसते. तिथे ती लपवणे हे केस असण्यापेक्षा वाईट.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. अठराच्या आतल्या मुलाने ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवताना गुन्हा केला, तर कलम १९९-अ प्रमाणे दोषी बाप किंवा गाडीचा मालक धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला ठाऊक नव्हते" हे सिद्ध करण्याचे ओझे बापावर. दहावीतले पोर कापसाची ट्रॉली जिनिंगला घेऊन जाते आणि आपण कौतुकाने सांगतो. सांगताना हेही आठवा.

तिसरा कागद सगळ्यांत शांत असतो. त्यावर पोलिसाचे नाव नसते. "मोटार अपघात दावा न्यायाधिकरण" असे वर लिहिलेले असते आणि आत "तुम्ही हजर राहून म्हणणे मांडावे" एवढेच. पोलीस नाही, अटक नाही, म्हणून हाच कागद लोक सगळ्यांत आधी विसरतात. सातबाऱ्याकडे जाणारी वाट इथून सुरू होते.

एक हिशेब मांडू. वेचणीचे दिवस आहेत. पंधरा बाया ट्रॉलीत बसून शेताकडे चालल्या आहेत. ट्रॉली कलंडली आणि बत्तीस वर्षांची एक बाई दगावली. मागे नवरा आणि दोन मुले. तिचे उत्पन्न महिन्याला ९,००० धरू. चाळिशीच्या आतल्या, हातावर पोट असलेल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी चाळीस टक्के मिळवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवून दिले आहे. झाले १२,६००. तिच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा केला, राहिले ८,४००. वर्षाचे १,००,८००. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा. म्हणजे १६,१२,८०० रुपये. त्यावर अंत्यविधी वगैरेचे सत्तर हजारांच्या वर आणि दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज. जी गेली तिच्या जिवाची ही किंमत नव्हे, आणि तिच्या मुलांना हे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न हा आहे की ते कोण देणार.

विमा चालू असेल तर विमा कंपनी देईल, असे तुम्ही म्हणाल. थांबा. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशिवाय दुसऱ्या माणसाची सीट नाही. ट्रॉली मालासाठी आहे. मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पक्के केले. २००७ सालचा निकाल तर आपल्याच घरातला वाटतो. ट्रॉलीतून विटभट्टीला माती नेताना एक मजूर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, ट्रॉलीचा विमाच नव्हता. न्यायालय म्हणाले, कंपनी जबाबदार नाही. पण मजूर गरीब आहे, म्हणून कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत. मजुराला न्याय मिळाला, ते योग्यच झाले. पण शेवटी बिल कोणाच्या दारात आले ते पाहा.

आणि वसुली कशी होते? मोटार वाहन कायद्याचे कलम १७४ घरी जाऊन कोणाकडून तरी वाचून घ्या. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम दिली नाही तर ते कलेक्टरला दाखला पाठवते आणि कलेक्टर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतो. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय हे या मांडवात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. मागणीची नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, मग जमिनीची जप्ती आणि लिलाव. कर्जाच्या जप्तीविरुद्ध उभे राहायला आपण शिकलो. या जप्तीत समोर सावकार नाही, बँक नाही. समोर आपल्याच वाडीतली दोन पोरकी मुले आहेत. तिथे आपण कोणत्या तोंडाने आडवे पडणार?

गावात वेळेवर एस.टी. आली असती तर बाया ट्रॉलीत बसल्या नसत्या, हे मला मान्य आहे. ते सरकारला सुनवायचे ठिकाण वेगळे. न्यायाधिकरण ते ऐकत नाही.

म्हणून पॉलिसी वाचा. डीलरने दिली, पेटीत ठेवली, असे करू नका. त्यावर ट्रॉलीचा नंबर आहे का? "फक्त शेतीकामासाठी" लिहिले आहे का? तसे असेल आणि तुम्ही भाड्याने वाळू-विटा ओढत असाल, तर त्या दिवशी तुमचा विमा असून नसल्यासारखा आहे. मजुरांसाठी जादा हप्ता भरून जोखीम घेता येते का हे एजंटला विचारा, आणि तो हो म्हणाला तर पॉलिसीवर लिहून मागा. तोंडी हो कोर्टात चालत नाही. विमा संपल्याची तारीख घराच्या भिंतीवर लिहा. विमा नसलेली अपघातातली गाडी पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले आहे. म्हणजे ऐन हंगामात ट्रॅक्टर पोलीस ठाण्याच्या आवारात गंजतो.

लायसन्सबद्दल दोन चांगल्या गोष्टी आहेत, त्याही सांगायला हव्यात. ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन्स असलेल्या माणसाने मागे ट्रॉली जोडली म्हणून त्याचे लायसन्स निकामी होत नाही, हे २००१ मध्ये ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते. विमा कंपन्या याच मुद्द्यावर हात वर करत आल्या होत्या. पण लायसन्सच नसेल, तर कंपनी मेलेल्याच्या वारसांना पैसे देते आणि मालकाच्या मागे लागते.

कडब्याची ट्रॉली भरताना आपण दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर काढतो. कापसाच्या गाडीचेही तेच. बाजूला, मागे किंवा वर बाहेर आलेल्या मालाला कलम १९४ मध्ये वीस हजारांचा दंड आहे. दंडापेक्षा मला काळजी अंधाराची वाटते. आमच्या महामार्गावर रात्री उभी केलेली, दिवा नसलेली ट्रॉली हा टँकरवाल्याचाही मृत्यू आणि मालकाचाही. मागून येणारा आदळला तर चूक त्याचीच, अशी आपली समजूत आहे. न्यायाधिकरण चुकीचे वाटे पाडते, आणि लाल पट्टी न लावणाऱ्याच्या पदरातही वाटा टाकते. लाल पट्टी चहाच्या खर्चात येते.

आणखी एक. विकलेली गाडी. जुना ट्रॅक्टर विकला, पैसे घेतले, कागद "नंतर करू" म्हणून राहिले. चार वर्षांनी त्याने कोणाला तरी उडवले आणि नोटीस तुमच्या नावाने आली. नोंदणीत ज्याचे नाव तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. नाव बदलल्याचा कागद हातात पडल्याशिवाय शेवटचे दहा हजार सोडू नका, असे मी माझ्या गावात सांगतो. घेणाऱ्याला राग येतो, येऊ द्या.

हे झाले आपण उडवणारे असलो तर. बहुतेक वेळा आपण उडवले जाणारे असतो. सायकलवरचा, बैलगाडीवरचा, रस्त्याच्या कडेने चालणारा. तेव्हा हाच कायदा आपल्या बाजूला उभा असतो आणि आपण त्याच्याकडे जात नाही. कोणाची चूक हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळतात. गाडी पळून गेली, नंबर कळला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार आहेत. पूर्वी ते पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. त्यासाठी वकील लागत नाही, प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे अर्ज करायचा. आमच्या महामार्गालगतच्या पाड्यांतले कितीतरी लोक पायी चालताना गेले. घरच्यांनी "देवाची मर्जी" म्हणून दहावे-तेरावे केले. अर्ज असतो हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

नंबर कळला असेल तर न्यायाधिकरणात दावा करा. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीवर मोठ्या न्यायालयात वाद चालले आहेत, आपण त्या वादाच्या भरवशावर राहायचे नाही. पोलीस ठाण्यातून गुन्ह्याची प्रत आणि पंचनामा घ्या, दवाखान्याची प्रत्येक पावती जपा. बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळकत न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे जायचे. आणि "मिळेल त्यातले तीस टक्के माझे" म्हणणाऱ्या वकिलाला सांगा की वकिलांच्या नियमांत अशी टक्केवारी बसत नाही. तो वकील लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघू लागतो.

माझी वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. काल रात्री बैठकीचे निरोप पाठवताना येताना पॉलिसी आणि घरात पडलेल्या नोटिसा घेऊन या, असे सांगितले होते. जेवणानंतर मी मागच्या लिंबाखाली टेबल घेऊन बसतो. न्यायाधिकरणाची नोटीस असणाऱ्यांनी आधी यावे, मग समन्सवाले, चलनवाले सगळ्यांत शेवटी. ज्यांच्या पॉलिसीवर ट्रॉलीचा नंबर नाही त्यांची एक वेगळी यादी करू. उद्या तालुक्याला विमा कंपनीच्या कार्यालयात एकेकट्याने जाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून जाऊ.